तिला भूक सहन होत नाही

काचेपलीकडे ते हसत होते. पंकज पोट धरून, मल्होत्रा सर टेबलावर थापा मारत. मी काचेच्या अलीकडे. कानाला हेडफोन, समोर माईक, लाल दिवा लागलेला. आणि हेडफोनमध्ये माझी आई बोलत होती.

ती माझ्याशी बोलत नव्हती. रेडिओ स्टेशनचा फोन पंकजने उचलला होता. तिला वाटलं, ऑफिसातला कुणी भैया असेल, निरोप देईल. म्हणून ती तिच्या हिंदीत त्याला सांगत होती.

"भैया, मेरी लड़की को जरा बुलाओ ना. उसका डब्बा घर पे रह गया. उसको भूक सहन नहीं होती."

पंकज माझ्या सकाळच्या कार्यक्रमाचा प्रोड्यूसर. त्याने तो फोन सरळ कार्यक्रमात जोडला. आईला न सांगता, मला न विचारता. अख्खं लखनौ ऐकत होतं आणि आईला वाटत होतं, आपण एका माणसाशी बोलतोय.

"माताजी, डब्बे में है क्या?" पंकजने विचारलं. आवाज अगदी सुपुत्राचा.

"झुणका है. भाकर है. भेंडी का सब्जी है." मग जरा थांबून, त्याला वाईट वाटायला नको म्हणून ती म्हणाली, "तुम भी आओ ना भैया घर पे. तुम्हारे को भी देती."

मल्होत्रा सरांनी टेबलावर थाप मारली ती इथे.

फोन संपला आणि लाल दिवा माझ्याकडे बघत राहिला. माईक उघडा असताना गप्प बसायचं नाही, ही या धंद्यातली पहिली शिकवण. दोन क्षण शांतता गेली की स्टेशन बंद पडलं असं लोकांना वाटतं. मी हसले. "तो लखनऊ, आपने नाश्ता किया?" असं काहीतरी बोलले आणि गाणं लावलं.

कार्यक्रम संपल्यावर मल्होत्रा सरांनी केबिनमध्ये बोलावलं. ते तेव्हा प्रोग्रामिंग हेड होते. पुढे अख्ख्या स्टेशनचे प्रमुख झाले. गोड माणूस. ओरडत नसत कधी. सगळ्यांना बेटा म्हणायचे.

"बेटा, सोना है ये. सोना."

"सर, वो मेरी माँ हैं."

"अरे, इसीलिए तो. तुमसे अच्छा कौन करेगा? मराठी बाई. घर-घर बर्तन माँजती है, झाड़ू लगाती है, सबके घर की खबर रखती है. नाम... मंदाबाई."

"सर, मेरी माँ कामवाली नहीं हैं."

"मैंने कब कहा बेटा? मैं तो कैरेक्टर की बात कर रहा हूँ."

एक बाई फोन करते. मुलीला भूक लागेल म्हणून काळजी करते. हिंदी तुटकी बोलते. एवढं ऐकून त्यांनी तिच्या हातात झाडू दिला. त्यांना विचार करावा लागला नाही. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी झाडून देतं, त्यांना आवाजावरून झाडू दिसतो.

आता माझ्या आईबद्दल सांगते, म्हणजे त्या एका वाक्यावर ते काय हसले ते कळेल.

आई वर्धा जिल्ह्यातली. तिची आई गावातल्या एका मोठ्या घरचं अंगण झाडायची, गोठा काढायची. घरात पाय ठेवायची परवानगी नव्हती. भांडी घासायचीही नव्हती, कारण भांड्याला आमचा हात लागलेला चालायचा नाही. झाडूला चालायचा. काम झालं की मागच्या दाराशी बसायचं. घरातल्यांची जेवणं आटोपली की वरून पदरात भाकरी पडायची. माझी आई लहानपणी तिच्या शेजारी बसायची. आतून फोडणीचा वास यायचा. आजी तिला म्हणायची, थांब. आई थांबायची. असं थांबून थांबून एकदा ती तिथेच चक्कर येऊन पडली. आतल्या बाईने दार उघडून पाहिलं आणि म्हणाली, पोरीला भूक सहन होत नाही वाटतं.

तिथून आईने ठरवलं. ती मला लहानपणापासून सांगायची, "माही पोर कोणाच्या दारात भाकरीची वाट पाहणार नाही." माझे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर लागले, दोघं लखनौला आले, आलमबागेत क्वार्टर मिळालं. मी तिथेच जन्मले, तिथेच वाढले. आई घरी मराठीत बोलायची, मी हिंदीत उत्तर द्यायचे. शाळेत, कॉलेजात, नोकरीवर, मी कुठेही गेले तरी आईचा डबा माझ्याबरोबर असायचा. मी एम.ए. केलं तरी डबा. मला रेडिओवर नोकरी लागली तरी डबा. त्या दिवशी मी घाईत तो विसरले आणि आईने फोन केला.

हे मल्होत्रा सरांना ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी त्यांनी केलंच असतं. तेही म्हणाले असते, सोना है.

तेव्हा शहरात खाजगी एफएम नवीन होतं. मुलाखतीत त्यांनी मला सांगितलं होतं, "आप महाराष्ट्रियन लगती ही नहीं." मी ते शाबासकी समजून घरी आणलं होतं. माझं हिंदी इतकं साफ की चौकातला पानवालाही मला इथलीच समजायचा. माझं साफ हिंदी त्यांनी नोकरीवर घेतलं आणि आईच्या हिंदीवर धंदा केला.

मंदाबाई सुरू झाली. रोज सकाळी, ऑफिसला निघणाऱ्यांच्या वेळेला. मीच मी आणि मीच मंदाबाई. एका आवाजात मी विचारायचे, दुसऱ्या आवाजात मंदाबाई उत्तर द्यायची. "मेमसाब के घर का झगड़ा मेरे को सब पता है ना." लिहून द्यायला एक पोरगा होता. त्याने आयुष्यात मराठी बाई पाहिली नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर? नोकरी गेली असती, दुसरी कुणी बसली असती. असा विचार मी रोज केला आणि रोज माईकसमोर बसले. मला दोष द्यायचा तर द्या. पण आधी काचेपलीकडे बघा.

आईचं ते पहिलं वाक्य त्यांनी रेकॉर्ड करून ठेवलं होतं. तिचा खरा आवाज. त्याच्या शेवटी स्प्रिंग उडाल्यासारखा आवाज जोडला आणि जिंगल बनवली. "उसको भूक सहन नहीं होती," टॉइंग. दर तासाला. गाण्यांच्या मध्ये, जाहिरातींच्या मध्ये, बातम्यांच्या आधी. समोसेवाल्यांनी ती जाहिरातीसाठी घेतली. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत ओरडू लागली. आलमबागच्या चौकात, आमच्या क्वार्टरपासून जवळच, होर्डिंग लागलं. एक जाडी बाई, नऊवारी नेसलेली, दात बाहेर, कमरेला पदर खोचलेला, हातात झाडू.

माझ्या आजीच्या हातात होता तसाच खराटा. चित्र काढणाऱ्याला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक.

आई त्या होर्डिंगखालून भाजीला जायची. घरी येऊन काही म्हणायची नाही. डबा भरून द्यायची. एकदा बाबा म्हणाले, "ते बंद नाही होत का?" कारखान्यात त्यांना मंदाबाई के मियाँ म्हणायला लागले होते. मी म्हटलं, "बाबा, नौकरी है." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुढे ते गेले. विचारायला राहिले नाहीत.

आणि स्टेशनात माझं काय झालं? लोकांना वाटतं, रेडिओवरचा माणूस म्हणजे राजा. शहर त्याला ओळखतं, रिक्षावाला भाडं घेत नाही, कॉलेजात पाहुणा म्हणून बोलावतात. खरं आहे. पण आत त्याची किंमत बॅटरीच्या सेलइतकी. चालतो तोवर चालतो. दर वर्षी नवा करार, दर वर्षी मुंबईहून कुणी तरी येऊन आपला आवाज ऐकणार आणि मान हलवणार. हळूहळू माझं बोलणं कमी केलं. "तुम्हारी आवाज भारी हो गई है, बेटा. सिटी यंग है." कार्यक्रमाच्या नावातून माझं नाव काढलं. मी शहराबद्दल बोलायचे ते काढलं. लोकांचे फोन घ्यायचे ते काढलं. सोलून सोलून शेवटी एवढीच उरले. मंदाबाई. समारंभात मल्होत्रा सर माईक हातात घेऊन सांगायचे, "मंदाबाई मेरी खोज है." मी खाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवायचे.

जावेदभाई स्टेशनातून गेले तेव्हा मी या धंद्याचा दुसरा नियम पाहिला. जावेदभाई दुपारचा कार्यक्रम करायचे. स्टेशन उघडलं त्या दिवसापासूनचा माणूस. त्यांचं उर्दू ऐकायला जुन्या शहरातल्या बायका शिवणयंत्र थांबवायच्या. एक दिवस त्यांनी कार्यक्रम संपवला, नेहमीसारखं म्हणाले, "कल फिर मिलेंगे, इंशाअल्लाह." हेडफोन काढला, दार उघडलं. बाहेर एचआरची मुलगी खोका घेऊन उभी. त्यांचं टेबल आधीच आवरलं होतं. जावेदभाईंनी खोक्याकडे पाहिलं, मग परत स्टुडिओच्या दाराकडे पाहिलं. तोवर आत दुसरा बसला होता.

हाच नियम. ज्याला काढायचं त्याला शेवटच्या कार्यक्रमाआधी सांगायचं नाही. का? कारण त्याच्या हातात चालू माईक असतो. सगळी स्टेशनं पाळतात. नोकराला काढताना आधी घराच्या किल्ल्या काढून घेतात, तसं.

पुढे कित्येक दिवस लोकांचे फोन येत होते, जावेदभाई बीमार हैं क्या? आम्हाला सांगून ठेवलं होतं, "बोलो छुट्टी पर हैं." एका म्हातारबाबांनी मला फोनवर विचारलं, "बेटी, सच बताओ, गुज़र तो नहीं गए?" मी म्हटलं, "नहीं चाचा, छुट्टी पर हैं."

मग एक सकाळ आली. मला सुट्टी होती. मेट्रोसाठी आलमबागचा रस्ता खणून ठेवलेला, सगळीकडे धूळ, पत्रे. बाबा गेल्यावर आम्ही क्वार्टर सोडलं होतं, जवळच भाड्याने राहत होतो. आई भाजीला निघाली. मी म्हटलं, मीही येते. कितीतरी वर्षांनी तिच्याबरोबर भाजीला गेले.

ठेल्यावर भेंडी होती. आईने भेंडीकडे बोट दाखवलं. मग तर्जनी मधोमध धरून दाखवली. अर्धा. भाजीवाल्याने अर्धा किलो तोलली. आईने टोमॅटोकडे बोट दाखवलं. मग कोथिंबिरीकडे. कोथिंबीर सुकलेली होती, तिने ती उचलून पाहिली, मान हलवली, खाली ठेवली. एक शब्द नाही.

ही माझी आई. लहानपणी ती मला अमीनाबादला घेऊन जायची, साडीच्या दुकानात मांडी घालून बसायची आणि दुकानदाराला घाम फोडायची. "भैया, रंग जाएगा तो मैं तुम्हारे घर पे आके बैठूंगी, समझा क्या?" दुकानदार हसायचा, पण त्या हसण्यात हार असायची. तो भाव कमी करायचा. आईचं हिंदी तुटकं होतं, पण ते चालतं होतं. त्या हिंदीत तिने घर चालवलं, मला शाळेत घातलं, बाबांच्या आजारपणात रेल्वेच्या दवाखान्यात भांडली.

"आई, बोलत का नाहीस?" मी विचारलं. मराठीत विचारलं, माझं मलाच नवल वाटलं.

ती पिशवी नीट करत राहिली.

"आई."

"काऊन बोलू? मी बोलली का ते हासते."

भाजीवाल्याने तेवढं ऐकलं. मराठी कळलं नाही, सूर कळला. त्याचा चेहरा उजळला. वाईट माणूस नव्हता तो. प्रेमानेच म्हणाला, "क्या अम्मा, भूख सहन नहीं होती?" शेजारचा केळीवालाही हसला.

आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. भेंडीची पिशवी उचलली आणि चालायला लागली.

रस्त्यात मी विचारलं, "कधीपासून?"

"ते चित्र लागलं ना चौकात. तवापासून." मग म्हणाली, "आता सवय झाली मले. बँकेतबी बोट दाखोते. दवाखान्यातबी. चालते."

त्या मधल्या वर्षांत मी रोज सकाळी तिच्या आवाजात बोलत होते. ती घराबाहेर मुकी होत गेली आणि मी घराबाहेर तिचा आवाज विकत होते. मी डबा खात होते. डबा देणाऱ्या बाईच्या तोंडातून शब्द काढून घेतले होते आम्ही. तिच्या आईला मागच्या दाराशी बसवलं होतं. हिला अख्ख्या शहराच्या मागच्या दाराशी बसवलं. आणि ते दार मी उघडं धरून उभी होते.

दुसऱ्या दिवशी मी मल्होत्रा सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, मंदाबाई बंद करते हैं."

ते हसले. "थक गई हो?"

"नहीं सर. मेरी माँ बाहर बोल नहीं पातीं. लोग हँसते हैं."

"अरे, तो ये तो कामयाबी है. माँ को बोलो, एंजॉय करें. स्टार हैं वो."

"सर, बंद कर दीजिए. कम-से-कम वो जिंगल. वो उनकी असली आवाज़ है. किसी ने उनसे पूछा नहीं था."

त्यांनी चष्मा काढला, पुसला. तोच गोड आवाज. "बेटा, एक बात समझो. तुम जा सकती हो. मंदाबाई नहीं जाएगी. कैरेक्टर स्टेशन का है, आवाज़ स्टेशन की है. तुम उसे करती हो, बस."

मी बाहेर आले. काही आठवडे गेले. मी माईकसमोर बसत होते, पण तोंडात मंदाबाईचा आवाज येत नव्हता. पंकजच्या लक्षात आलं असणार. एका सोमवारी कार्यक्रमानंतर मला बोलावलं. केबिनमध्ये एक मुलगा बसला होता. वीस-बावीसचा, केस रंगवलेले, नकला करून इंटरनेटवर नाव कमावलेला.

"ये अंश है," मल्होत्रा सर म्हणाले. "शुक्रवार तुम्हारा आखिरी शो. अगले हफ्ते से मंदाबाई ये करेगा. चार दिन इसे साथ बिठाओ. टोन सिखा दो, वो 'ना' कहाँ लगता है, 'भूक' कैसे बोलना है. तुम्हारी तो घर की चीज़ है."

मुलगा उत्साहाने पुढे झुकला. मोबाइल माझ्यासमोर धरला, रेकॉर्डिंग चालू. "मैम, एक बार आंटी वाला 'भूक' बोलिए ना."

आंटी वाला. म्हणजे त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मी काही बोलले नाही. त्यांनी माझं गप्प बसणं हो असं धरलं. इतकी वर्षं तसंच धरत आले होते, त्यांना सवय होती.

घरी येताना विक्रममध्ये, इथल्या शेअर टेम्पोत, बसले आणि मग माझ्या डोक्यात आलं. यांनी मला आधी सांगितलं. जावेदभाईंना सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगत नाहीत, मला सांगितलं. कारण त्यांना माझ्याकडून आणखी काढून घ्यायचं होतं. शेवटचा थेंबही सोडायचा नव्हता. त्या हावेपायी ते स्वतःचा नियम विसरले. उद्या सकाळी लाल दिवा लागेल आणि मला माहीत असेल.

मंगळवारी आईने डबा दिला. मी तिला काही सांगितलं नाही.

स्टुडिओत अंश माझ्या शेजारी बसला, दुसरा हेडफोन लावून, मोबाइल मांडीवर. काचेपलीकडे पंकज. मंदाबाईची वेळ झाली. लिहिलेला कागद समोर होता. मेमसाबच्या कुत्र्यावर काहीतरी विनोद होता. पंकजने बोट दाखवलं. लाल दिवा लागला.

मी कागद उलटा ठेवला आणि माझ्या आवाजात बोलले.

"लखनऊ, मंदाबाई कोई नहीं है. जिस आवाज़ पर आप हँसते हैं, वो मेरी माँ की है. मेरी माँ ने किसी के घर झाड़ू नहीं लगाई. उनकी माँ ने लगाई थी, और लोगों ने ऊपर से रोटी फेंकी थी. मेरी माँ ने एक दिन फोन किया, क्योंकि मेरा डब्बा घर रह गया था. इन लोगों ने बिना पूछे आपको सुना दिया. आज मेरी माँ सब्ज़ीवाले के सामने मुँह नहीं खोलतीं. उँगली दिखाती हैं. आप अगली बार..."

एवढंच. पंकजने माझा आवाज ओढून खाली नेला आणि हाताशी जे बटण होतं ते दाबलं.

हाताशी मंदाबाईची जिंगल होती. दर तासाला वाजायची म्हणून तीच सगळ्यांत जवळ.

"उसको भूक सहन नहीं होती." टॉइंग.

माझं बोलणं माझ्याच आईच्या आवाजाने दाबलं. पंकजचा हात थरथरला असं मला लिहायला आवडलं असतं. थरथरला नाही. त्याचाही करार दर वर्षीचा होता.

दार धाडकन उघडलं. मल्होत्रा सर. पहिल्यांदाच ओरडले. "ये क्या तमाशा है? तुम्हें पता है कौन-कौन सुन रहा है?"

"पता है," मी म्हटलं. "इसीलिए बोली."

"निकलो. अभी. सामान घर भेज देंगे."

अंश अजून मोबाइल धरून बसला होता. त्याने सगळं रेकॉर्ड केलं होतं. त्याला 'भूक' कसं म्हणायचं ते शिकायचं होतं ना, मी त्याला सांगितलं, "ये वाला सुनना. रोज़ सुनना."

सामान काही नव्हतं. डबा होता, पँट्रीत. तो घेतला आणि रिसेप्शनमध्ये आले. तिथे भिंतभर पोस्टर. जाडी बाई, झाडू, दात. खाली पाहुण्यांचा सोफा. मी सोफ्यावर बसले, डबा उघडला आणि जेवायला लागले. गार्ड आला. "मैडम, सर ने कहा है..." मी म्हटलं, "भैया, खा के जाऊँगी." तो उभा राहिला. एचआरची मुलगी आली, ती उभी राहिली. काचेच्या दारामागून आणखी दोघं-तिघं. सगळे उभे, मी बसलेली. झुणका होता. भाकरी होती. मी सावकाश खाल्लं. शेवटचा घास होईपर्यंत कुणी मला हात लावला नाही. मग बोटं चाटली, डबा बंद केला, निघाले.

आईने ते ऐकलं नाही. तिने कधीच रेडिओ बंद करून टाकला होता. मी घरी येऊन सांगितलं. ती ऐकत राहिली. मग विचारलं, "डबा खाल्ला का?"

म्हटलं, "खाल्ला."

"मग ठीक आहे."

नाही, ठीक नाही. मंदाबाई चालू आहे. माझ्याबद्दल विचारणाऱ्यांना सांगतात, छुट्टी पर हैं. अंशला जमलेलं नाही, त्याची मंदाबाई नुसती किंचाळते, पण लोक हसतात. आणि जिंगल तशीच आहे. मी पत्र दिलं, दोनदा जाऊन उभी राहिले, गेटवरून परत पाठवलं. एका वकिलाशी बोलते आहे. तो म्हणतो, वेळ लागेल. लागू दे.

परवा आईबरोबर भाजीला गेले. भाजीवाल्याचा रेडिओ चालू होता, वजनकाट्याशेजारी. आम्ही पोचलो आणि जिंगल लागली. रेडिओतून आईचा आवाज आला, आणि रेडिओसमोर आई उभी होती आणि भेंडीकडे बोट दाखवत होती.

मी तिचं बोट धरून खाली केलं. आणि भाजीवाल्याला म्हटलं, तिच्या हिंदीत, तिच्या सुरात, जसं ती अमीनाबादेत बोलायची तसं, "भैया, मेरे को आधा किलो भेंडी होना. कवळी देना, बुढ्ढी वाली नहीं."

तो क्षणभर बघत राहिला. मग ओळखलं त्याने. "अरे, आप तो मंदाबाई हैं." हसायला लागला. केळीवाल्यालाही बोलावलं. इतकी वर्षं विकून विकून त्यांनी हेही घेतलं होतं. मी खरं बोलले तरी नक्कल वाटत होती.

मी हलले नाही. त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहिले. तो हसला, मग कमी हसला, मग इकडेतिकडे बघायला लागला. हसू संपलं तेव्हा मी म्हटलं, "हो गया हँस के? अब भेंडी तोलो. और ये मंदाबाई नहीं है. ये मेरी आई है. इनका आवाज है वो. रेडिओ बंद करो."

त्याने बंद केला नाही. आवाज थोडा कमी केला. भेंडी तोलली. आईने पिशवी पुढे धरली.

हे मी मराठीत लिहिते आहे. इतकी वर्षं आईला हिंदीत उत्तरं दिली, आता पुरे. आणि बाजारात, बँकेत, दवाखान्यात मी आईच्या हिंदीत बोलणार. माझं साफ हिंदी मी त्यांच्या स्टुडिओत ठेवून आले, त्यांनी खुशाल वापरावं. आई अजून बोट दाखवते. ती पुन्हा तोंड उघडेपर्यंत मी तिच्याबरोबर त्याच ठेल्यावर जाणार आहे. ज्याला हसायचं आहे त्याने हसावं, पण माझ्या तोंडाकडे बघून हसावं. मी हलणार नाही. माझं पोट भरलेलं आहे, मला घाई नाही.